डीएनए, त्याची नक्कल आणि गुणसूत्रांतले बदल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः दोन तऱ्हेच्या लोकांकडून येतात: परीक्षा तोंडावर आलेले विद्यार्थी, आणि हातात कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा, रिपोर्ट घेऊन बसलेले लोक. रिपोर्टवाल्यांनी थेट प्रश्न ११ पासून सुरुवात केली तरी चालेल. मागचा संदर्भ लागेल तिथे क्रमांक दिला आहे. मात्र रिपोर्टावरचा निर्णय हे पान वाचून घेऊ नका. त्यासाठी जनुकीय समुपदेशकाशीच बोला.

१. डीएनए, जनुक आणि गुणसूत्र हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले तर चालतं का?

चालत नाही. डीएनए हा पदार्थ आहे, जसं सूत. गुणसूत्र म्हणजे त्या सुताची एक अखंड लड, प्रथिनांवर गुंडाळलेली. आणि जनुक म्हणजे त्या लडीचा एक ठरावीक तुकडा, ज्यात एखादं प्रथिन किंवा कामाचा आरएनए (डीएनएचाच, बहुधा एकेरी धाग्याचा भाऊबंद) बनवण्याची माहिती असते.

माणसाच्या पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रात डीएनएचा एकच रेणू असतो, सुमारे २४.९ कोटी जोड्यांचा (जोड्या कसल्या, ते प्रश्न ३ मध्ये). सरळ ताणला तर साडेआठ सेंटिमीटर भरेल. एकविसाव्याचा दीड सेंटिमीटरच्या थोडा वर. प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,००० आहेत, आणि प्रथिनाचा मजकूर असलेला भाग एकूण डीएनएच्या दीड टक्क्याच्या आसपास. उरलेल्याला सरसकट 'कचरा' म्हणू नये. त्यात अडगळ आहे हे खरं, पण कुठलं जनुक केव्हा चालू आणि केव्हा बंद, हे ठरवणारे भागही तिथेच आहेत.

२. दोन मीटर डीएनए एवढ्याशा पेशीत मावतो कसा?

प्रत्येक पेशीतल्या ४६ गुणसूत्रांचा डीएनए टोकाला टोक लावून मांडला तर दोन मीटर होतो, आणि केंद्रकाचा व्यास असतो मीटरच्या लाखाव्या भागाहूनही साधारण कमीच. पण धाग्याची जाडी फक्त २ नॅनोमीटर आहे, हे लक्षात घेतलं की कोडं निम्मं सुटतं. जागेची अडचण तशी फारशी नाहीच. खरी अडचण गुंता होऊ न देण्याची आहे.

त्यासाठी हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांच्या रिळावर १४७ जोड्यांचा डीएनए सुमारे पावणेदोन वेढे घेतो. मग थोडा मोकळा धागा, मग पुढचं रीळ. या माळेच्या पुढे वळ्या पडतात, आणि पेशीविभाजनाच्या वेळी सगळं आवळून जाड दांडकी तयार होतात. एरवी धागा बराच सैल असतो. आवळलेला मजकूर वाचता येत नाही, आणि पेशीला तो रोज वाचावा लागतो.

३. डीएनएची रचना सोप्या शब्दांत सांगाल का?

पीळ दिलेली दोरीची शिडी डोळ्यासमोर आणा. बाजूच्या दोन दोऱ्या साखर आणि फॉस्फेट यांच्या, आणि पायऱ्या बेसच्या जोड्यांच्या: अ‍ॅडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन. थोडक्यात ए-टी आणि जी-सी. ए-टी मध्ये दोन हायड्रोजन बंध, जी-सी मध्ये तीन. दर जोडीत एक मोठा बेस आणि एक लहान, त्यामुळे शिडीची रुंदी कुठेही कमीजास्त होत नाही. दोन पायऱ्यांमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर, आणि एका पूर्ण पिळात दहा-साडेदहा जोड्या.

दोन गोष्टी विद्यार्थी हमखास विसरतात. पहिली, दोन्ही धागे उलट दिशांनी धावतात. धाग्याच्या दोन टोकांना पाच-प्राइम आणि तीन-प्राइम म्हणतात; एकाचं पाच-प्राइम टोक वर असेल तर दुसऱ्याचं खाली. प्रश्न ७ चं सगळं उत्तर याच एका गोष्टीवर उभं आहे. दुसरी, पीळ उजवा असतो. चित्र बघताना पुढच्या बाजूचा धागा डावीकडून उजवीकडे चढत गेला पाहिजे. जाहिराती, बोधचिन्हं, कधीकधी पुस्तकांची मुखपृष्ठंसुद्धा हे उलटं काढतात. एकदा ही सवय लागली की अशी चुकीची चित्रं जिथे तिथे दिसू लागतात, हे आधीच सांगून ठेवतो.

४. 'ए ३० टक्के असेल तर जी किती?' हे गणित नेहमी असंच सुटतं का?

दुहेरी धाग्याच्या डीएनएत सुटतं. ए ३० तर टी ३०. उरले ४०, ते जी आणि सी यांच्यात समान, म्हणून जी २० टक्के. एर्विन चारगाफ यांना हे प्रमाण १९५० च्या सुमारास रासायनिक मोजमापात दिसलं होतं, पण त्यामागे जोड्या आहेत हे तेव्हा कळलेलं नव्हतं.

अपवाद आहे. फाय-एक्स-१७४ सारख्या काही विषाणूंत डीएनए एकेरी धाग्याचा असतो. समोर जोडीदारच नसल्यामुळे तिथे ए आणि टी सारखे असण्याची सक्ती नाही. प्रश्नपत्रिकेत ए आणि टी वेगवेगळे दिले असतील तर 'छपाईची चूक' म्हणून सोडू नका. बहुधा हाच अपवाद विचारलेला असतो.

५. डीएनएचा शोध वॉटसन आणि क्रिक यांनी लावला ना?

पदार्थ म्हणून डीएनए पहिल्यांदा वेगळा केला तो फ्रीडरिश मीशर यांनी, १८६९ मध्ये, जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातल्या पेशींमधून. आनुवंशिक माहिती डीएनएतच असते याचा भक्कम पुरावा एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दिला. वॉटसन आणि क्रिक यांनी एप्रिल १९५३ मध्ये मांडली ती रचना.

त्या रचनेमागे रोझलिंड फ्रँकलिन यांचं क्ष-किरणांचं काम आहे. त्यांच्या हाताखाली रेमंड गॉसलिंग यांनी मे १९५२ मध्ये घेतलेलं 'फोटो ५१' हे छायाचित्र फ्रँकलिन यांना न विचारता वॉटसन यांना दाखवलं गेलं. १९५८ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्या गेल्या. नोबेल १९६२ चं, वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना. मरणोत्तर नोबेल देत नाहीत ही सबब खरी आहे, पण हयातीत तरी श्रेय नीट दिलं गेलं का, या प्रश्नाचं ते उत्तर होत नाही.

६. डीएनएची नक्कल नेमकी होते कशी?

शिडी मधोमध उसवायची आणि प्रत्येक अर्ध्या शिडीसमोर नवी अर्धी शिडी उभी करायची. ए समोर टीच बसणार असल्यामुळे जुना धागाच नव्याचा साचा होतो. म्हणून प्रत्येक नव्या रेणूत एक धागा जुना, एक नवा. याला अर्धसंरक्षी पद्धत म्हणतात.

हे नुसतं सुचून भागलं नाही, दाखवावं लागलं. १९५८ मध्ये मेसेल्सन आणि स्टाल यांनी जिवाणू अनेक पिढ्या जड नायट्रोजनवर वाढवले, म्हणजे त्यांचा डीएनएही जड झाला, मग एकदम हलक्या नायट्रोजनवर टाकले. एका पिढीनंतरचा डीएनए गरगर फिरवलेल्या द्रावणात ना जड जागी थांबला, ना हलक्या. बरोबर मध्ये एकच पट्टा. दुसऱ्या पिढीत दोन पट्टे: एक मधला, एक हलका. जुना रेणू अख्खाच्या अख्खा राहून नवा शेजारी बनत असता, तर पहिल्याच पिढीत जड आणि हलका असे दोन पट्टे दिसले असते. आणि जुने-नवे तुकडे दोन्ही धाग्यांत विखुरले असते, तर दुसऱ्या पिढीतही एकच पट्टा दिसला असता. एका साध्या प्रयोगात तीनपैकी दोन शक्यता बाद.

प्रत्यक्ष काम करणारी विकरं म्हणजे एन्झाइम्स अशी: हेलिकेज शिडी उसवतं; पुढे साचणारा पीळ टोपोआयसोमरेज धागा कापून, मोकळा करून, परत जोडून सोडवतं; प्रायमेज आरएनएचा छोटा तुकडा मांडून सुरुवात करून देतं; डीएनए पॉलिमरेज त्यापुढे अक्षरं, म्हणजे ए, टी, जी, सी, जोडत जातं; आणि लायगेज सांधे पक्के करतं. प्रायमेजची गरज का, हा पुढचा हमखास प्रश्न. पॉलिमरेजला कोऱ्या जागेवरून सुरुवात करताच येत नाही, कुणीतरी आधी लिहिलेलं टोक लागतं.

७. एका धाग्यावर सलग आणि दुसऱ्यावर तुकड्यातुकड्यांनी, असं का?

पॉलिमरेज नवीन अक्षर फक्त तीन-प्राइम टोकालाच जोडू शकतं, आणि दोन्ही धागे उलट दिशांचे आहेत (प्रश्न ३). शिडी मात्र एकाच दिशेने उसवत जाते. मग एका धाग्यावर उसवण्याच्या मागोमाग सरळ जाता येतं, दुसऱ्यावर नाही.

हाताने शिवणाऱ्यांना हे एका वाक्यात कळेल: एका बाजूला धावदोरा चालू आहे, दुसऱ्या बाजूला उलटी टीप. उलट्या टिपेत सुई दर टाक्याला मागे येते, तरी शिवण पुढेच सरकते. तसंच इथे प्रत्येक तुकडा मागच्या दिशेने लिहिला जातो, पण तुकड्यांची रांग पुढे वाढत राहते. जिवाणूंत हे तुकडे हजार-दोन हजार अक्षरांचे, आपल्या पेशींत शंभर-दोनशे अक्षरांचे. रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने १९६० च्या दशकात ते दाखवले, म्हणून नाव ओकाझाकी तुकडे.

दोन्ही दिशांनी लिहिणारं विकर का नाही, असंही विचारलं जातं. जोडणीला लागणारी ऊर्जा येणारं नवं अक्षर स्वतःसोबत आणतं. उलट दिशेच्या लेखनात ती ऊर्जा वाढत्या टोकावर ठेवावी लागली असती. मग चुकलेलं अक्षर खोडलं की त्याच्याबरोबर ऊर्जाही जाणार आणि काम तिथेच ठप्प. खोडण्याची सोय हवी असेल तर एकच दिशा परवडते.

८. या सगळ्याला वेळ किती लागतो?

ई. कोलाय जिवाणूचा डीएनए ४६ लाख जोड्यांचा, वर्तुळाकार. एका ठिकाणी सुरुवात होऊन दोन्हीकडे सेकंदाला सुमारे हजार अक्षरं, म्हणजे साधारण ४० मिनिटं. पण हा जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतो, ते कसं? पहिली नक्कल संपायच्या आत दुसरी सुरू झालेली असते. जन्मणाऱ्या पेशीत तिच्या मुलींसाठीची नक्कल अर्धवट तयारच असते.

आपलं पॉलिमरेज संथ, सेकंदाला ५० च्या आसपास. पहिलं गुणसूत्र मधल्या एकाच जागेपासून दोन्हीकडे लिहायचं ठरवलं तर जवळजवळ महिना लागेल. प्रत्यक्षात सगळं मिळून सुमारे आठ तासांत उरकतं, कारण काम हजारो ठिकाणी एकदम सुरू होतं.

९. नक्कल करताना चुका होतात का?

होतात. नुसतं जोडताना लाखात एखादी. पॉलिमरेज स्वतःच मागे वळून बहुतेक चुका खोडतं, आणि उरलेल्यांवर चुकलेल्या जोड्या हुडकणारी दुरुस्ती यंत्रणा फिरते. शेवटी प्रमाण येतं शंभर कोटी अक्षरांत एक किंवा त्याहूनही कमी. अशा दुरुस्त्यांच्या संशोधनाला २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते लिंडाल, मॉड्रिक आणि संजार यांना.

तरी प्रत्येक बाळात आईवडिलांत नसलेली साठ-सत्तर नवी अक्षरं असतात. बहुतेकांचा काहीच परिणाम होत नाही. यांतली जास्त वडिलांकडून येतात आणि वडिलांच्या वयाबरोबर वाढतात, कारण शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी आयुष्यभर विभागत राहतात, म्हणजे आयुष्यभर नकला होत राहतात. आईच्या वयाची गोष्ट निराळी आहे, ती प्रश्न १४ मध्ये.

१०. गुणसूत्रांची टोकं प्रत्येक नकलेत तोकडी होतात म्हणे?

हो. शेवटचा आरएनए तुकडा काढल्यावर ती जागा भरायला त्यामागे टोक उरत नाही. म्हणून टोकांना टेलोमिअर असतात: टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं हजारो वेळा, झिजायला ठेवलेली. अंडी-शुक्राणू तयार करणाऱ्या पेशींत टेलोमरेज हे विकर ही टोकं पुन्हा वाढवतं. बहुतेक कर्करोगी पेशीही तेच चालू करून घेतात. जिवाणूंचा डीएनए सहसा गोल असतो. टोकच नाही, तर तोकडं काय होणार?

११. उत्परिवर्तन आणि गुणसूत्रांतला बदल एकच ना?

व्यापक अर्थाने दोन्ही डीएनएतले बदल, पण गल्लत होते ती इथेच, म्हणून जरा थांबून सांगतो. बदल घडतो तो तीन वेगवेगळ्या कामांत.

नक्कल चुकली की अक्षर बदलतं. सिकल सेल या रक्ताच्या आजारात बीटा-ग्लोबिन जनुकात एका ए च्या जागी टी येतो, बस्स. गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली अगदी जशीच्या तशी.

वाटणी चुकली की संख्या बदलते. मजकुरात एकही अक्षर चुकलेलं नसतं. एक अख्खं गुणसूत्र भलत्या पेशीत गेलेलं असतं. डाउन सिंड्रोम, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत, बहुतेक वेळा हाच (प्रश्न १३).

तुटून भलतीकडे जोडलं गेलं की रचना बदलते (प्रश्न १६).

रिपोर्ट वाचताना पहिला प्रश्न हाच विचारा: यांतलं कुठलं? कारण पुढच्या अपत्यात पुन्हा होण्याची शक्यता, आणि आईवडिलांची तपासणी लागते की नाही, हे बरंचसं त्यावर ठरतं.

१२. कॅरिओटाइप चाचणीत नक्की काय करतात? रिपोर्टला इतके दिवस का लागतात?

कारण तुमच्या पेशी आधी वाढवाव्या लागतात. रक्त गोठू न देणारं हेपरिन घातलेल्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त घेतात. तांबड्या पेशी इथे निरुपयोगी, त्यांत केंद्रकच नसतं. पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट लागतात, पण त्या रक्तात स्वस्थ बसलेल्या असतात. घेवड्याच्या बियांपासून काढलेलं एक प्रथिन घालून त्यांना विभाजनाला उठवतात आणि ३७ अंशांवर सुमारे तीन दिवस ठेवतात. मग कोल्सेमिड घालून विभाजन ऐन मध्यावर थांबवतात, तेव्हा गुणसूत्रं सगळ्यात जाड असतात. त्यानंतर पातळ क्षारद्रावण घालतात, की पेशी पाणी पिऊन टम्म फुगतात. मग मिथेनॉल आणि अ‍ॅसेटिक आम्लात पक्क्या करून थेंब काचपट्टीवर सोडतात. पेशी पसरते आणि गुणसूत्रं एकमेकांपासून सुटी होतात. ट्रिप्सिन आणि गिम्सा रंगाने त्यांवर आडवे पट्टे उठतात, आणि त्या पट्ट्यांवरून प्रत्येकाची ओळख पटवून जोड्या लावतात. साधारण वीस पेशी अशा मोजतात. हे डोळ्यांचं आणि सवयीचं काम आहे.

ते पातळ द्रावण अपघाताने हाती आलं. १९५२ मध्ये टी. सी. ह्सू यांच्या प्रयोगशाळेत धुण्याचं द्रावण चुकून पातळ बनलं आणि गुणसूत्रं पहिल्यांदा एवढी छान पसरलेली दिसली. तोवर माणसात ४८ गुणसूत्रं आहेत असंच तीसेक वर्षं शिकवलं जात होतं. जो हिन त्यो आणि अल्बर्ट लेवान यांनी १९५६ मध्ये ४६ हा आकडा जाहीर केला.

जाता जाता, नेहमीची एक शंका: गुणसूत्र एक्ससारखं दिसतं, मग ती दोन धरायची का? एकच धरायचं. चित्र नकलेनंतरचं, दोन प्रती अजून चिकटलेल्या असतानाचं असतं. मोजायचे ते गुणसूत्रबिंदू, म्हणजे दोन प्रती जिथे जोडलेल्या दिसतात त्या जागा.

आणि एक इशारा. या चाचणीत साधारण ५० लाख ते एक कोटी जोड्यांहून लहान बदल दिसत नाही. 'कॅरिओटाइप नॉर्मल' म्हणजे 'जनुकीय दोष नाही' असं नव्हे.

१३. जास्तीचं गुणसूत्र २१, १८ किंवा १३ हेच का ऐकू येतं?

बाकीच्यांची वाटणीही चुकते, पण तसे गर्भ बहुधा टिकत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांतल्या सुमारे निम्म्या गर्भपातांत गुणसूत्रांचा बदल सापडतो. २१, १८ आणि १३ यांवर इतरांच्या मानाने जनुकं कमी आहेत, म्हणून तिसरी प्रत असूनही बाळ जन्मापर्यंत पोचू शकतं. २१ वर सगळ्यांत कमी, म्हणून डाउन सिंड्रोमची माणसं मोठी होतात, शिकतात, कामं करतात. १८ आणि १३ च्या बाबतीत बहुतेक बाळं वर्षभरही जगत नाहीत.

एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत १९५९ मध्ये लजन, गोतिए आणि त्युर्पँ यांनी दाखवली. डाउन सिंड्रोममध्ये सुमारे ९५ टक्के वेळा सुटं, जास्तीचं २१ असतं. ३-४ टक्के वेळा ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं (प्रश्न १७). उरलेल्यांत फक्त काही पेशींत (प्रश्न १९).

१४. आईच्या वयाचा संबंध नेमका कशामुळे?

स्त्रीची अंडी ती स्वतः जन्मण्यापूर्वीच विभाजन सुरू करतात आणि मध्येच थांबतात. गुणसूत्रांच्या जोड्या एकमेकांना धरून तशाच वीस, तीस, चाळीस वर्षं वाट पाहतात. त्यांना बांधून ठेवणारी कोहेसिन नावाची प्रथिनं तेव्हाच घातलेली असतात आणि पुढे फारशी बदलली जात नाहीत. बांधणी सैल झाली की वाटणी चुकते. नक्कल चुकत नाही, ती तर केव्हाच होऊन गेलेली असते.

डाउन सिंड्रोमचं बाळ जन्मण्याची शक्यता आईच्या ३५ व्या वर्षी सुमारे ३५० त १, चाळिशीत १०० त १, पंचेचाळिशीत ३० त १. तरीही अशी पुष्कळ बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांना होतात, कारण मुळात जास्त बाळंतपणं त्याच वयात असतात. आणि घरात कुणी 'तू काहीतरी खाल्लंस, केलंस म्हणून' असं आईला म्हणत असेल तर त्याला हा परिच्छेद वाचायला द्या.

१५. एक्स गुणसूत्र जास्त असलं तरी परिणाम इतका कमी का?

कारण एकाहून जास्त एक्स असतील तर पेशी एकच पूर्ण चालू ठेवते. बाकीचे आवळून बाजूला टाकते; त्या गाठोड्याला बार बॉडी म्हणतात. कुठला एक्स बंद होणार हे सुरुवातीच्या गर्भात प्रत्येक पेशीत वेगवेगळं ठरतं आणि तिच्या सगळ्या वंशात तसंच राहतं, असं मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं.

हे बघायला सूक्ष्मदर्शक नको. काळ्या-केशरी-पांढऱ्या ठिपक्यांची मांजर बघा. केशरी की काळा, हे ठरवणारं जनुक एक्सवर आहे. एक एक्स केशरी, दुसरा काळा. अंगावरचा प्रत्येक केशरी किंवा काळा ठिपका म्हणजे त्या जागी कुठला एक्स चालू राहिला याची नोंद. म्हणून अशी मांजर जवळजवळ नेहमी मादी असते. क्वचित बोका सापडलाच, तर तो बहुधा एक्सएक्सवाय.

मग माणसांत एक्सएक्सवाय, म्हणजे क्लाइनफेल्टर सिंड्रोम, याची लक्षणं तरी का दिसतात? बंद एक्सवरची काही जनुकं चालूच राहतात म्हणून. पुष्कळ पुरुषांना याचा पत्ता मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच लागतो. याच कारणाने एकच एक्स असलेल्या टर्नर सिंड्रोमच्या मुलींतही उंची आणि अंडाशय यांवर परिणाम दिसतो.

१६. गुणसूत्राची रचना किती प्रकारे बदलते?

गुणसूत्र 'क ख ग घ च छ' असं आहे समजा. 'क ख च छ' झालं तर लोप. 'क ख ग घ ग घ च छ' ही द्विरावृत्ती. 'क ख घ ग च छ' म्हणजे तुकडा उलटा बसला, व्युत्क्रमण. आणि 'क ख ग' ला दुसऱ्या गुणसूत्राचं 'द ध' चिकटलं तर स्थानांतरण. पहिल्या दोहोंत माल कमीजास्त होतो. पुढच्या दोहोंत माल तोच, फक्त मांडणी वेगळी, म्हणून ती व्यक्ती सहसा धडधाकट असते.

सहसाच, कारण तुटण्याची जागा महत्त्वाची. ९ आणि २२ यांच्यात तुकड्यांची अदलाबदल झाली की दोन जनुकं एकमेकांना जोडली जातात आणि पेशीला थांबायचं न कळवणारं प्रथिन तयार होतं. तोकडं झालेलं २२ वं म्हणजे फिलाडेल्फिया गुणसूत्र. नोवेल आणि हंगरफोर्ड यांना ते १९६० मध्ये एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात दिसलं, आणि ती अदलाबदल आहे हे जॅनेट रावली यांनी १९७३ मध्ये ओळखलं. नेमकं तेच प्रथिन अडवणारं इमॅटिनिब हे औषध २००१ पासून वापरात आहे. हा बदल फक्त रक्ताच्या पेशींत, जन्मानंतर घडलेला असतो. मुलांकडे जात नाही.

१७. मला काहीच त्रास नाही, पण रिपोर्टात ४५ गुणसूत्रं आली. चूक झाली का?

बहुधा नाही. १३, १४, १५, २१ आणि २२ यांचे वरचे हात अगदी छोटे असतात, आणि त्यांतली जनुकं या बाकीच्या गुणसूत्रांवरही असतात. अशी दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटली आणि छोटे हात गळून गेले, तर मोजणीत एक कमी भरतं, माल मात्र जवळपास पूर्ण. याला रॉबर्टसोनियन स्थानांतरण म्हणतात, आणि ते सुमारे हजारात एकाकडे असतं.

प्रश्न येतो तो मूल होताना. १४ आणि २१ चिकटलेले असतील तर वाटणीत सुटं २१ आणि जोड-२१ दोन्ही एकाच अंड्यात जाऊ शकतात. आई वाहक असेल तर डाउन सिंड्रोमची शक्यता १० ते १५ टक्के, वडील वाहक असतील तर खूपच कमी. आणि २१ ला २१ च चिकटलेलं असेल तर जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला डाउन सिंड्रोम असणार. रिपोर्टातली ही एक ओळ म्हणूनच नीट वाचून घ्यावी.

'इन्व्हर्जन ९' असं लिहिलेलं असेल तर मात्र जीव टांगणीला लावू नका. नवव्या गुणसूत्रातला हा नेहमीचा उलटा तुकडा इतका सर्रास सापडतो की त्याला निरोगी माणसांतला फरकच मानतात.

१८. जास्त गुणसूत्रं म्हणजे जास्त प्रगत प्राणी का?

नाही. बटाट्यात ४८, कुत्र्यात ७८. भेकराच्या मादीत फक्त ६ आणि नरात ७, तर त्याच्याच चिनी भावंडात ४६. मालात फारसा फरक नाही. भेकराच्या वंशात गुणसूत्रं एकमेकांना चिकटत गेली.

आपल्यातही तसं घडलं आहे. चिंपांझीत ४८, आपल्यात ४६, कारण पूर्वजांची दोन गुणसूत्रं जुळून आपलं दुसरं गुणसूत्र बनलं. त्याच्या मध्यभागी टेलोमिअरची अक्षरं (प्रश्न १०) आणि बंद पडलेल्या दुसऱ्या गुणसूत्रबिंदूचे अवशेष आजही आहेत.

खेचर वांझ का, याचंही उत्तर इथेच. घोड्यात ६४, गाढवात ६२, खेचरात ६३. शरीर वाढताना प्रत्येक गुणसूत्राची नुसती नक्कल व्हायची असते, ती होते. अंडी किंवा शुक्राणू बनताना मात्र जोड्या लावाव्या लागतात, तिथे गाडं अडतं.

१९. काही पेशींत ४६ आणि काहींत ४७ असं होऊ शकतं?

होतं. गर्भ तयार झाल्यानंतरच्या एखाद्या विभाजनात वाटणी चुकली तर तिथून पुढच्या पेशीच तेवढ्या वेगळ्या होतात. याला मोझेक म्हणतात. रक्तात ४७ वाल्या पेशी कमी असल्या तरी इतर अवयवांत तेच प्रमाण असेल असं नाही, म्हणून टक्केवारीवरून लक्षणांचा अंदाज बांधता येत नाही.

२०. दोन मुलांत पंधराव्या गुणसूत्राचा अगदी सारखाच तुकडा गायब आहे, तरी आजार वेगळे. हे कसं?

हा इथला सगळ्यात अवघड अपवाद, कारण अक्षरं मोजून तो उलगडत नाही. पंधराव्याच्या त्या भागातली काही जनुकं फक्त वडिलांच्या प्रतीवरून वाचली जातात, आणि एक जनुक मेंदूत फक्त आईच्या प्रतीवरून. दुसरी प्रत असते, पण रासायनिक खुणा लावून बंद केलेली. वडिलांकडून आलेल्या प्रतीतला तुकडा गेला तर प्राडर-विली सिंड्रोम: तान्हेपणी अंग सैल, पुढे कधीच न भागणारी भूक. आईकडच्या प्रतीतला गेला तर अँजलमन सिंड्रोम: बोलणं जवळजवळ नाही, झटके, आणि वारंवार हसू.

याहून विचित्र म्हणजे, काही मुलांत तुकडा गेलेलाच नसतो. दोन्ही पंधरावी गुणसूत्रं आईकडूनच आलेली असतात, वडिलांचं एकही नाही. संख्या ४६, रचना निर्दोष, पट्टे जागच्या जागी, आणि तरी प्राडर-विली. प्रश्न १२ मधली चाचणी इथे काहीच दाखवत नाही. त्या खुणा तपासणारी वेगळी चाचणी मागावी लागते.